नुसतं बघण्याचे पैसे?

"नुसतं बघण्याचे तीन हजार?"

हे वाक्य माझं आहे. आधीच कबूल करून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे, त्यांत पहिला नंबर माझा आहे हे लक्षात असू द्या.

आमच्या जव्हारच्या वाडीत काकांची बेडफर्ड उभी आहे, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) एसटीची पहिली गाडी सुटली, तीही बेडफर्डच होती. आमच्या काकांनी जुन्यात घेतलेली गाडी त्याच घराण्यातली, पेट्रोलची. एके काळी ती जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला जायची. पुढे त्या रस्त्यावर एसटी आली. मग काकांची गाडी लग्नाची वऱ्हाडं, भाताची पोती, गवताचे भारे असं मिळेल ते वाहू लागली आणि शेवटी इंजिनाचा ब्लॉक तडकला तेव्हा आंब्याखालच्या शेडमध्ये जाऊन बसली. माझं लहानपण तिच्या पायरीवर गेलं. दादाचं तर तिच्या स्टिअरिंगवर.

दादा आता ऐंशीच्या घरात आहे. त्याची एकच इच्छा, गाडी एकदा सुरू झालेली बघायची. रस्त्यावर न्यायची नाही, वाडीतल्या वाडीत फिरवायची आणि शाळेच्या मुलांना दाखवायची. पेट्रोलचं जुनं इंजिन आता कुठे मिळणार? म्हणून नाशिकच्या एका वृद्ध मिस्त्रींनी तिला डिझेलचं इंजिन बसवायला घेतलं. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. भंगारातल्या एका फार्गो ट्रकचं सहा सिलिंडरचं पर्किन्स इंजिन त्यांनी मिळवलं. फार्गो आणि डॉज ट्रक आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत आणि पर्किन्सची इंजिनं मद्रासची सिम्पसन कंपनी बनवायची. पेट्रोलच्या बेडफर्डला पर्किन्स बसवणं ही तशी नवलाची गोष्ट नव्हे. डिझेल स्वस्त पडतं म्हणून पूर्वी कितीतरी मोटरमालकांनी ते करून घेतलं होतं.

उस्ताद महिन्यातून चार-पाच दिवस येत, वाडीतच राहत आणि काम करत. इंजिन फाउंडेशनवर बसलं, गिअर बॉक्स जोडला गेला. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने उस्तादांना नेलं. गाडी अर्धी राहिली.

त्यानंतर सुरू झाली ती आमची वणवण. हे अर्धं काम कोण पुरं करील?

हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपने गाडीचे फोटो बघून सांगितलं, "हे सगळं काढून टाकू, नव्याने करू." म्हणजे उस्तादांचं दोन वर्षांचं काम भंगारात. दुसऱ्याने सांगितलं, "दुसऱ्याने हात लावलेल्या गाडीला आम्ही हात लावत नाही." तिसऱ्याने किलोचा भाव सांगितला. चौथ्याने तर कमालच केली. रंग मारून एखाद्या हॉटेलच्या दारात उभी करा म्हणाला, लोक फोटो काढतील! मी या सगळ्या ठिकाणी दादाबरोबर जात होते. "बाई, तुम्ही कशाला आलात गॅरेजमध्ये?" हेही ऐकून घेतलं.

मग कोणीतरी नानांचं नाव सुचवलं. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, धोतर-टोपीतले. दोन दिवस आले. पहिल्या दिवशी त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडीखाली पोतं टाकून झोपले, बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. मध्येच उठून वहीत काही लिहीत. उस्तादांनी चासिसवर खडूने केलेल्या खुणा त्यांनी न पुसता उतरवून घेतल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी चहा घेतला आणि म्हणाले, "काम होण्यासारखं आहे. बघण्याचे तीन हजार द्या, मग यादी देतो. पुढचं काम माझ्याकडून करून घ्या नाहीतर दुसऱ्याकडून, तुमची मर्जी."

तेव्हा मी वर लिहिलेलं वाक्य बोलले.

नाना रागावले नाहीत. मी पुढे केलेले पाचशे त्यांनी घेतले, वही पिशवीत टाकली आणि चपला घालताना म्हणाले, "ती लाल चिंधी तेवढी काढू नका." मला वाटलं, म्हातारबाबा चिडून काहीतरी बोलताहेत.

त्यानंतर आम्ही गेलो 'आठ दिवसांत चालू करून देतो' म्हणणाऱ्याकडे. बघण्याचे पैसे? छे, छे, बघणं एकदम फुकट! त्याची दोन मुलं आली, धडाधड पाने चालवले, डिझेलची लाइन जोडली, हवा काढली आणि सातव्या दिवशी इंजिन धडधडू लागलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पैसे चुकते केले. पोरं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडीत बसला. पहिला गिअर टाकला आणि गाडी शेडच्या बाहेर आली. आमची वाडी उताराची आहे. उताराच्या टोकाला विहीर आणि विहिरीच्या कठड्यावर गड्याची दोन लेकरं गंमत बघत बसलेली. दादाने ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून तो जवळजवळ उभा राहिला, तरी गाडी थांबेना. त्याने किल्ली बंद केली. इंजिन चालूच! मी ओरडत धावत होते, पोरं उठून पळाली, आणि दादाने स्टिअरिंग फिरवून गाडी फणसावर घातली. विहीर तिथून सहा हातांवर होती.

कोणाला लागलं नाही. फणसाची साल निघाली आणि गाडीचा पुढचा पत्रा चेपला. पण त्या रात्री दादा जेवला नाही आणि मीही नाही.

असं का झालं ते नंतर समजलं. मी बी.ए. मराठीची बाई, मला समजलं त्या भाषेत सांगते. या गाडीचा ब्रेक पायाच्या जोराने लागतो, पण त्या जोराला मदत करायला एक व्हॅक्युमचा डबा असतो. पेट्रोल इंजिनात कार्बोरेटरची झडप मिटली की इंजिन आत हवा खेचतं आणि पोकळी तयार होते. ती पोकळी नळीने त्या डब्याला मिळते, म्हणून हलक्या पायाने जड गाडी थांबते. डिझेल इंजिनाकडून ती पोकळी अशी आयती मिळत नाही. त्याला वेगळा पंप लावावा लागतो. उस्तादांना हे अर्थातच माहीत होतं. पंप मिळेपर्यंत त्यांनी त्या नळीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकून वर लाल चिंधी बांधून ठेवली होती. हे राहिलंय, विसरू नका, एवढाच तिचा अर्थ. आठ दिवसवाल्या पोरांनी चिंधी काढून तिथे काळी टेप गुंडाळली होती. नीटनेटकी!

आणि किल्ली? पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, किल्लीने ठिणगी बंद केली की इंजिन बंद. या जुन्या डिझेलला ठिणगी लागतच नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं. त्यासाठी केबिनपर्यंत एक दोर, म्हणजे केबल आणावी लागते. पोरांनी बॉनेटमध्ये हात घालून इंजिन बंद केलं होतं, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. दादा जन्मभर पेट्रोलची गाडी ओळखत होता. त्याला कोण सांगणार?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, त्या पोरांचं चुकलं. चुकलंच. पण आपण त्यांना कशाचे पैसे दिले होते? इंजिन चालू करण्याचे. ते त्यांनी केलं. गाडी बघण्याचे पैसे आपण कोणालाच दिले नव्हते. जो बघणारा दारात आला होता त्याला पाचशे रुपये आणि चहा देऊन वाटेला लावलं होतं.

माझा राग आहे तो या सवयीवर. आपण वस्तूचे पैसे देतो, घामाचे थोडेफार देतो, पण डोळ्यांचे आणि डोक्याचे द्यायची वेळ आली की आपल्याला लुबाडल्यासारखं वाटतं. तेही सगळ्यांच्या बाबतीत नाही हं! डॉक्टर नाडी बघतो आणि "काही नाही, विश्रांती घ्या" म्हणतो, आपण मुकाट्याने फी ठेवतो. वकील कागद बघतो, फी देतो. लग्नाच्या पत्रिका बघणाऱ्याला पाट मांडून दक्षिणा देतो. आणि ज्याच्या बघण्यावर ब्रेक लागणार की नाही हे ठरतं, त्याला म्हणतो, "नुसतं बघण्याचे?" कारण त्याच्या नखांत ग्रीस असतं. दुसरं कारण मला सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर जरूर सांगा.

माझं तर सगळंच उघडं पडलं. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यांतली कितीतरी वर्षं दहावीचे पेपर तपासले. बोर्ड दर उत्तरपत्रिकेमागे मानधन देतं. पेपर तपासणं म्हणजे काय? दुसऱ्याने लिहिलेलं बघणं! कुठे अडलाय, कुठे बरोबर चाललाय, अर्धं सोडलेलं उत्तर कुठवर आलंय हे बघून त्याचे गुण देणं. ते मानधन कमी आहे म्हणून आम्ही शिक्षकांनी कुरकुर केलेली मला चांगली आठवते. नानांनी आमच्या गाडीची उत्तरपत्रिका दोन दिवस तपासली आणि मी त्यांना विचारलं, हे कसले पैसे?

माझ्या एका भाच्याचं म्हणणं असं, "आत्या, बघण्याचे पैसे घेऊन पळून जाणारे असतात." असतात ना! नानांच्या आधी एकाने माझे दीड हजार घेतले आणि 'इंजिन खराब आहे' एवढं एक वाक्य सांगून गेला. पण डॉक्टरांत असे नसतात का? म्हणून आपण डॉक्टरची फी बंद केली नाही. उपाय साधा आहे, यादी लेखी मागा. काय बघितलं, काय ठीक आहे, काय राहिलंय, आधी काय करायचं. ती यादी हाच माल, आणि पैसे त्या मालाचे.

दुसरा एक जण म्हणतो, कंपन्यांचे 'फ्री चेकअप कॅम्प' असतात की. अहो, फुकट बघणारा माणूस कशावर जगतो? तुम्हाला सुटा भाग विकण्यावर. मग त्याला प्रत्येक गाडीत बदलण्यासारखं काहीतरी दिसणारच. नानांनी बघण्याचे पैसे आधी मागितले, त्यामुळे "हे बदलायची गरज नाही" असं सांगायला ते मोकळे होते. फुकटच्या बघण्याएवढं महाग काही नाही.

एसटीच्या कार्यशाळांत एक गोष्ट चांगली होती. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा असोत की आपल्या जव्हारसारखा डोंगरातला डेपो असो, तिथल्या माणसाला महिन्याचा पगार मिळायचा. रात्री मुक्कामाला आलेल्या गाडीखाली तो तासभर पडून राहिला आणि काहीच बदललं नाही, तरी त्याचा पगार कापला जात नसे. बघणं पगारात धरलेलं होतं. नाना तयार झाले ते अशा ठिकाणी. तोरंगणच्या घाटातून आपण पन्नास-पन्नास माणसं पावसाळ्यात खाली-वर गेलो ती त्या बघण्याच्या भरवशावर, आणि तिकिटाच्या पैशांत त्याचेही पैसे आपण देत होतो. फक्त आपल्याला ते कळत नव्हतं.

आता सरकारलाही बघण्याचा कंटाळा आलेला दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि एसटी महामंडळांच्या मालकीच्या गाड्या १५ वर्षांच्या झाल्या की त्यांची नोंदणी संपते. धूर आणि सुरक्षितता ही कारणं मला मान्य आहेत, म्हाताऱ्या गाड्या घाटात घालाव्यात असं मी म्हणणार नाही. पण गाडी बघायची नाही, कॅलेंडर बघायचं, हा त्याचा अर्थ होतोच. २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आला तेव्हा दादाला कोण आनंद झाला होता. वाचून बघितलं तर तो ५० वर्षांवरच्या दुचाकींना आणि मोटारींना लागू, तोही गाडी मूळ स्वरूपात असेल तर. बसचा त्यात समावेशच नाही. साहेबांची मोटार जपण्यासारखी, आणि चाळीस कुणब्यांना नि वारल्यांना बाजाराला नेणारी मोटार जपण्यासारखी नाही! बरं, मूळ स्वरूप म्हणजे तरी काय? पोटासाठी धावणारी गाडी मूळ स्वरूपात राहतच नाही. तिचे पाटे बदलतात, बॉडी बदलते, इंजिन बदलतं. खुद्द एसटीनेच ५ हजार डिझेल गाड्या एलएनजीवर नेण्याची योजना जाहीर केली. चांगली गोष्ट आहे. पण त्यांतली प्रत्येक गाडी वेगळ्या रस्त्याने वेगळी झिजलेली असणार. प्रत्येकीखाली पोतं टाकून कोणीतरी आधी झोपायला हवं. त्याचे पैसे अंदाजपत्रकात कुठल्या रकान्यात धरतात?

हा प्रश्न मला मोखाड्याच्या बाजूला गेलं की पडतो. ओळखीच्या एका पाड्यावर नळपाणी योजनेची टाकी बांधलेली आहे, पाइप टाकलेले आहेत, पंप आहे आणि नळाला पाणी नाही. उन्हाळ्यात टँकर येतो. नवीन योजनेला निधी मिळतो, त्याचं उद्घाटन होतं. जुन्या पाइपच्या कडेने पायी चालत जाऊन 'इथे फुटलाय, इथे माती अडकलीय' एवढं बघून लिहून देणाऱ्या माणसाला द्यायला पैसे नसतात. सगळ्यांना आरंभ करायचा असतो. अर्धं राहिलेलं पुरं करायचं तर आधी दुसऱ्याने काय केलंय ते समजून घ्यावं लागतं, आणि समजून घेण्याचं बिल निघत नाही.

असो. फणसावर गाडी आदळल्यानंतर आठवड्याने मी नानांना फोन केला. आले. मी आधी तीन हजार ठेवले आणि मग चहा. त्यांनी अडीच हजारच घेतले, "पाचशे मिळालेत" म्हणाले. यादीत सतरा कलमं होती. पहिलंच कलम, लाल चिंधी. दुसरं, इंजिन बंद करायची केबल. मग क्लचचा शाफ्ट सरळ रेषेत आहे का ते तपासणं, डिझेल इंजिन जड म्हणून पुढच्या पाट्यांना आधार, पंखा रेडिएटरच्या फार जवळ आलाय तो मागे घेणं, आणि असंच बरंच. शेवटच्या चार कलमांपुढे लिहिलं होतं, 'ठीक. हात लावू नये.'

व्हॅक्युम पंप त्यांनी कुठून आणला? डिझेल जीप-टेम्पोच्या अल्टरनेटरच्या पाठीला असा पंप बसवलेलाच असतो. त्यांनी एक जुना अल्टरनेटर पंपासकट आणला. त्याची पुली मात्र या इंजिनाच्या पट्ट्याला बसेना. नवी पुली कातून घ्यायला आम्ही नाशिकला सातपूरला गेलो. तिथले कारखाने हजारांनी नग काढतात, एक नग कोणी काढेना. शेवटी एका पत्र्याच्या शेडमध्ये एकट्या लेथवर काम करणाऱ्या गृहस्थांनी रविवारी काढून दिली. त्यांनीही आधी जुनी पुली दहा मिनिटं हातात फिरवून बघितली. मी विचारलं, "बघण्याचे किती?" ते हसायला लागले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करताहेत.

नानांच्या हाताखाली मोखाड्याचा एक मुलगा होता, आयटीआयतून डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेला. तो सांगत होता, कुठे कामाला लागलं की पहिल्याच दिवशी विचारतात, दिवसाला किती गाड्या काढशील? बघायला वेळ कोण देतो? त्याला नानांनी एक दिवस फक्त गाडीखाली झोपायला लावलं. संध्याकाळी त्याने अठरावं कलम सांगितलं. डिझेलची परतीची नळी सायलेन्सरला टेकत होती, आणि ती नानांच्याही नजरेतून सुटली होती. नानांनी वहीत त्याच्याच अक्षरात ते लिहून घेतलं. मी त्या दिवसाचे त्याला हजार रुपये दिले. तो म्हणाला, "बाई, मी तर आज काहीच केलं नाही." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षांच्या मुलाच्याही मनात हे आपण इतकं पक्कं भरवलंय.

तेव्हा माझ्या भावंडांनो, भाचरांनो आणि वाचक मंडळींनो, एक करा. पुढच्या वेळी पंप, शिलाई मशीन, मिक्सर, गाडी, काहीही बिघडलं आणि माणूस घरी आला, की तो पाना काढायच्या आधी त्याला सांगा, "बघण्याचे अमुक देईन. नीट बघा आणि लिहून द्या." घासाघीस करायचीच असेल तर सुट्या भागांवर करा. आणि आधीच्या माणसाने कुठे चिंधी बांधून ठेवली असेल, तर ती का बांधली हे कळल्याशिवाय कोणालाही ती सोडू देऊ नका.

गाडी आता वाडीत फिरते. उताराच्या बाजूला नाही, वरच्या अंगणातच. ब्रेक दादाच्या पायाला लागतो. यादीतली तीन कलमं अजून बाकी आहेत, पाट्यांचं काम दिवाळीनंतर. फणसाची जखम भरून येतेय. उस्तादांची ती लाल चिंधी दादाने धुऊन गाडीच्या आरशाला बांधली आहे.